बावीस शेळ्यांची इंग्रजी

१९ जानेवारी, रविवार

हळदीचं पाणी तोडलं. आज वसमतचे पाव्हणे येऊन गेले, कोमलला पाहायला. पाहणं नावालाच. नातीनं आन् त्या पोरानं मोबाइलवर आधीच ठरवून टाकलंय, आमी फक्त पोहे करायचे.

पोरगा बरा हाय. मान खाली घालून जेवतो. त्याची माय मात्र इंग्रजीच्या शिकवण्या घेती. वसमतमधी सगळे तिला म्याडम म्हणतात. चष्मा साखळीला बांधलेला, शेरडू दाव्याला बांधावं तसा.

सुनेनं, लतानं, चहा केला. बशा मी दिल्या. विहिणीची बशी पदरानं पुसून दिली. पुसून देणं म्हणजे मान. माझ्या सासूनं मला उभ्या जन्मात कधी पुसून दिली न्हाई.

ती बशीकडं पाहून राहिली. मग बहिणीकडं वळून इंग्रजीत एक शब्द बोलली. एकच. दोघी ओठ न उघडता हसल्या. चहा निवला, वर साय धरली, तरी हात लावला न्हाई.

गेल्यावर कोमलला विचारलं, काय म्हणली गं ती. "काही न्हाई आजी, बशी छान हाय म्हणल्या." मान खाली. बीएस्सी झाली, पण खोटं बोलायचं अजून शिकली न्हाई.

जाताना पोरीच्या हातात एक पुस्तक ठेवलं, तारेनं शिवलेलं. म्याडमनं सोता टाइप केलेलं. पाचशे भारी इंग्रजी शब्द, खाली मराठीत उच्चार, पुढं अर्थ. लग्नाच्या आत पाठ करायचे. दर रविवारी फोनवर परीक्षा. पास झाली तर शिकवणीत म्याडमच्या बाजूला शिकवायला उभी राहणार. न्हाईतर घरी पोळ्या लाटा.

तो शब्द मी ध्यानात ठेवलाय. दुसऱ्याच्या कळपात गेलेलं शेरडू मी आवाजावरून ओळखते, शब्दाचं काय घेऊन बसलात.

२० जानेवारी

कोमल न्हाणीत गेली तवा पुस्तक काढलं. तिसरी शिकलेली असले तरी मराठी अक्षर काही मला शिंगं मारत न्हाई. बोट ठेवून एकेक उच्चार वाचत गेले. भाकरी करपली. लता बोंबलली. बोंबलू दे. शेवटाकडं सापडला.

अनकूथ. रासवट, रीतभात नसलेला, गावंढळ.

तर ही बशी छान हाय.

इथून पुढं विहिणीला नुसतं वि. लिहीन. डायरी खताच्या दुकानानं फुकट दिलेली, पानं मोजकी. तिच्यासाठी शाई काहून घालवू.

२१ जानेवारी

भांडण करून काय होतं. भांडण कुत्रीबी करतात. मला रुखवत पाहिजे.

लग्नात पोरीकडून रुखवत मांडायचं, लाडू, करंज्या, भांडी. नवऱ्याची माय समोर पाटावर बसती. मग पोरीकडच्या बाया तिला गाण्यातून टोमणे मारतात. त्या घटकेला तिनं रागवायचं नसतं, हसून ऐकायचं असतं. आमच्या आज्या-पणज्यांनी एवढा एक हक्क आमच्यासाठी राखून ठेवलाय. मी चाळीस वर्षं आमच्या कुरुंदा गावात लग्नोलग्नी रुखवताची गाणी म्हणून राहिले. एका विहिणीनं माझं ऐकून तोंडातला लाडू बाहेर काढला होता.

तिनं चारचौघांत माझ्या डोक्यावरून शब्द फेकला. मीबी चारचौघांत फेकीन. इंग्रजीतच. बाया म्हणतील, म्हातारीनं काय कौतुक केलं. कळंल ते पाटावरच्या एकटीला.

लग्न एप्रिलात. तवर पुस्तक पुरं करायचं.

२५ जानेवारी

चार दिवस झाले. शब्द सकाळी घोकला की दुपारी पसार. ऑब्स्टिनेट, ऑब्स्टिनेट, ऑब्स्टिनेट. चुलीपाशी गेले की राखुंडी. डोकं म्हणजे भोकाचा डबा.

पोरी कशा पाठ करतात देव जाणे. कोमल भिंतीकडं तोंड करून पुटपुटती, जपमाळ ओढल्यावाणी. जेवण निम्मं झालंय तिचं.

२६ जानेवारी, रविवार

जमलं.

सकाळी शेरडं सोडताना भुरी बांधावरून हालंना. ओढली, दामटली, चार पाय रोवून उभी. तोंडातून निघालं, "चल की ऑब्स्टिनेट." आन् दिवसभर शब्द डोक्यातून गेला न्हाई. संध्याकाळी भुरी दिसली की शब्द दिसला.

कागद माझ्या ध्यानात राहत न्हाई, पण शेरडू कवाच विसरले न्हाई. बावीस हायेत. एकेकीची माय, आजी, खोड मला ठाव. मग आता एकेकीला एकेक शब्द.

नेम करते: ज्या शब्दाला जित्राब सापडलं न्हाई तो शब्द या वहीत लिहायचा न्हाई. अर्थ छापलेला असला तरी न्हाई. छापणाऱ्यानं काय कधी शेळी राखली.

ऑब्स्टिनेट — भुरी.
व्होरेशस — चांदी, हिनं परवा लताच्या साडीचा काठ खाल्ला.
टिमिड — कापशी, सोताच्या सावलीला बिचकती.
गॅर्युलस, म्हणजे बडबडी — काळी. पहाटेपासून सुरू, ऐकणारं कुणी असो नसो.
अॅरोगंट — बोकड. सांगायला नको.

अनकूथ बांडीला दिलाय. सगळ्यात जास्त दूध तिचं. पण पिण्याच्या पाण्यात पाय घालून उभी राहती, ढेकर देती, कुणाच्या बापाला भीत न्हाई. ही माझीच.

२ फेब्रुवारी, रविवार

परीक्षा. मी कणगीच्या मागं बसले, फोनमधी दिसणार न्हाई अशी. वि. पुस्तक न पाहता विचारती आन् कोमलनं अर्थ सांगून वाक्य करायचं. दहातले तीन आले.

"कोमल, हे तर सोपे शब्द आहेत. तुझ्या वातावरणाचा परिणाम आहे, मी समजू शकते."

वातावरण म्हणजे मी.

फोन ठेवल्यावर पोरगी रडली न्हाई. रडली असती तर बरं होतं. नख खात बसली.

३ फेब्रुवारी

तिला हाताला धरून गोठ्यात नेलं. म्हणलं, ही कोण. "चांदी." न्हाई. नीट पाह, काय खाऊन राहिली. "आजी, पोतं खाऊन राहिली." मग कोण ही.

लेकरू माझ्या तोंडाकडं पाहत राहिलं. मग हळूच, "व्होरेशस?"

बावीसच्या बावीस फिरवल्या. अजून बारांनाच नावं पडलीत, बाकीच्यांना तिनं दिली. एक शेळी डोळे मिटून, गरीब तोंड करून रवंथ करत उभी असती आन् पाठ फिरली की तोंड पोत्यात. कोमल म्हणली, "हिपोक्रिट." आत एक बाहेर एक. पुस्तकात हाय. मी म्हणलं हा शब्द राखून ठेव, कामाचा हाय.

"कोणत्या कामाचा?"

हाय एक काम.

पंधरा दिवसांनी हसली पोरगी. शेणात पाय पडला तरी हसली.

९ फेब्रुवारी, रविवार

दहातले नऊ.

वाक्य मात्र सगळी गोठ्यातली. आमची पांढरी शेळी खादाड हाय. आमचा बोकड गर्विष्ठ हाय. आमच्या काळ्या शेळीची बडबड ऐकून गाव उठतं. सातव्या वाक्याला वि. म्हणली, "कोमल, तुला शेळ्यांशिवाय जगात काही दिसत नाही का?"

कोमल म्हणली, "शब्द बसले ना म्याडम पण."

मी कणगीमागं पदर तोंडात कोंबला.

१८ फेब्रुवारी

हळद काढायला लागलो. कंबर मोडली. बाया सरीतून कंद उचलताना मला विचारून राहिल्या, काकू तुमी शेरडांना कोणत्या भाषेत शिव्या देता. म्हणलं म्याडमच्या.

एक शब्द अडून बसलाय. मोठ्या मनाचा, दुसऱ्याचं चुकलं तरी पोटात घालणारा. कोमलला तो फार आवडतो. पण बावीसात एकबी तसली न्हाई. शेळी शेजारणीच्या पिलाला लाथ घालती, हा तिचा धर्मच हाय. म्हणून तो शब्द इथं लिहीत न्हाई. नेम म्हणजे नेम. मला त्याची गरजबी न्हाई.

रुखवताचं गाणं जुळून आलं:

पाचशे शब्दांचं पुस्तक, त्याला तारेची शिवण,
हिपोक्रिट आमची विहीण, तिला सोन्याची दावण.

चालीवर बसतं. हिपोक्रिटवर जराक थांबायचं, टाळी घ्यायची.

२७ फेब्रुवारी

घात झाला.

हळद शिजवायच्या गडबडीत होतो. दत्तानं, माझ्या लेकानं, मला न विचारता हट्टा गावच्या माणसाला एक शेळी इकली. संध्याकाळी बांधायला गेले तर एक दावं मोकळं. कोणती गेली? ती, डोळे मिटून उभी राहणारी.

आन् शब्दबी गेला. तिच्यासंगं गेला. गाणं म्हणायला जाते तर "आमची विहीण" येतं, त्याच्या आधी भोक.

दत्ताला म्हणलं, तू काय इकलंस तुला कळतंय का.
"शेळी इकली माय."
शेळी न्हवती ती.
माझ्या कपाळाला हात लावून पाहिला त्यानं, ताप हाय का म्हणून.

वहीत मागं लिहिलेला हाय, पाहिला. वाचते तवर असतो, वही मिटली की न्हाई. कागदाचा शब्द असाच. बिनदुधाचा.

४ मार्च

हट्ट्याला गेले. लताला सांगितलं डोळ्याच्या डॉक्टरकडं चालले. जीपमधी कोंबून घेतलं, मांडीवर एका बाईची कोबी.

त्या माणसाचं घर विचारत विचारत सापडलं. दारात बाभळीखाली बांधलेली. डोळे मिटून, गरीब तोंड. त्याची बायको पाणी आणायला आत वळली आन् हिनं तोंड घातलं सुपात.

हिपोक्रिट.

मोठ्यानं म्हणले. बाई बाहेर आली, "काय झालं काकू?" म्हणलं काही न्हाई, खुशाली विचारायला आलते. "कोणाची?" शेळीची. ती माझ्याकडं अशी पाहू लागली की मी पाणी न पिताच निघाले.

आता पक्का बसलाय. पण दत्ताला ताकीद दिली, लग्नापर्यंत एकबी शेरडू दावणीवरून हालता कामा न्हाई.

१२ मार्च

कोमलनं वही वाचली. चुलीपाशी राहिली होती, माझीच चूक.

आरडाओरडा केला न्हाई तिनं. माझ्यासमोर येऊन बसली, वही मांडीवर.

"आजी, तो शब्द तुला त्याच दिवशी कळला होता?"
दुसऱ्या दिवशी.
"मग बोलली काहून न्हाई?"
रुखवतात बोलणार हाय.
"तू बोलून मोकळी व्हशील. दुसऱ्या दिवशी शेरडं सोडायला जाशील. त्या घरात मला राहायचंय. रोज सकाळी त्यांच्या समोर चहा ठेवायचाय. शिकवणीत त्यांच्या बाजूला उभं राहायचंय. माझी नोकरी हाय ती आजी, मला घरी पोळ्या लाटायच्या न्हाईत."

म्हणलं, तुझ्या आजीला गावंढळ म्हणलेलं तुला चालतं?

"न्हाई चालत. म्हणून तर पाचशे शब्द पाठ करून राहिले. मी तिथं उभी राहीन, तेच त्यांना उत्तर. तू माझं उत्तर खराब करू नको."

तोंड हाय पोरीला. कुणावर गेली काय माहीत.

बांडीच्या शिंगावर माझा हात ठेवून शपथ घ्यायला लावली. रुखवतात एकबी इंग्रजी शब्द तोंडातून काढणार न्हाई. जित्राबाची आण मोडली की दूध आटतं, हे तिला माझ्यापासूनच ठाव.

दिली शपथ.

रागानं जेवले न्हाई. मग उठून जेवले. उपाशी राहून वि.चं काय जातं.

१९ मार्च

शपथ शब्दाची हाय. रागाची न्हाई. हे एक बरं.

पण बिनशब्दाचा राग रुखवतात म्हणता येत न्हाई. विचार करून राहिले. हळद वाळवणीला टाकली.

२३ मार्च, रविवार

आज घडलं ते जसंच्या तसं लिहिते.

सकाळपासून तकलीफ. कापशी पिलाला जन्म देऊन मेली. पिलू जितं, मादी, कान पांढरे. बांडीचं पिलू दोन दिवसांमागं दगावलेलं, तिला पान्हा होता. म्हणलं हिला लावू. पण बांडी वास घेऊन लाथ मारी. लता पाय धरून राहिली, मी मान. तवढ्यात बांडीनं पाय पाण्याच्या घमेल्यात घातला, सगळं पाणी मातीत.

मी खच्चून ओरडले, "ए अनकूथ, पाय काढ भाईर."

पाठीमागं कुणीतरी थांबलं. लताचं तोंड उतरलं. वळून पाहिलं तर गोठ्याच्या दारात वि. उभी. बस्त्याचं विचारायला आली होती, फोन न करता. चष्मा साखळीला लोंबलेला.

गॅर्युलससुद्धा गप. मला एकदा वाटलं, मेले, गाण्यासाठी राखलेली गोळी गोठ्यात सुटली. मग वाटलं, सुटली तर सुटली. मीबी तिच्या डोळ्यात डोळे घालून उभी राहिले. ती बांडीकडं पाहून राहिली, माझ्याकडं पाहून राहिली. तिला कळलं. मला कळलं की तिला कळलं.

मग ती म्हणली, "जाडं मीठ हाय का घरात?"

म्याडमचा आवाज न्हवता तो. आपल्या बांधावरचा आवाज.

लतानं मीठ आणलं. वि.नं साडी खोचली. बांडीचंच दूध तळहातावर पिळलं, मीठ कालवलं, पिलाच्या पाठीला, शेपटीखाली, डोक्याला चोळलं. माझ्या खांद्यावरचं फडकं न विचारता ओढून बांडीचे डोळे बांधले. "आता चाटंल. चाटलं की आपलं वाटतं." हात कुठं चुकले न्हाईत. बांडी चाटू लागली. पिलानं आचळ धरलं.

वि. हात धुवायला वाकली आन् म्हणली, "माझ्या बापाची सत्तर होती." एवढंच. पुढं एक अक्षर न्हाई. माफीचं तर न्हाईच न्हाई.

लतानं चहा आणला. मी बशीला हात लावणार तर वि.नं ती आधी उचलली. सोताच्या साडीच्या पदरानं पुसली, पुन्हा पुसली, चहा ओतला आन् माझ्यापुढं धरली.

मी घेतली. काय करणार. दोघींनी चहा प्यायला. साखर कमी होती.

२४ मार्च

रात गेली, दिवस गेला, कळून न्हाई राहिलं. माझी बशी तिनं पुसली ती मान म्हणून, का माझ्या पदरानं पुसलेली बशी घाण असती हे दाखवायला म्हणून? लता म्हणती मान. कोमल म्हणती, "आजी, दोन्ही नसंल, त्यांना सवय असंल."

लता म्हणती, माय, आता सोडा, तीबी आपल्यातलीच निघाली.

हेच तर. बशी पदरानं पुसायचा अर्थ जिला ठावच न्हाई, तिला मी एक वेळ सोडलं असतं. हिच्या मायनं पुसल्या असतील शंभर बशा. अर्थ माहीत असून शब्द टाकला. गुन्हा दुप्पट झाला.

सत्तर शेरडांत वाढून जी बहिणीकडं पाहून हसली, तिला रुखवत पाहिजेच.

२७ मार्च

बांडीच्या डोळ्यावरचं फडकं काढलं. तरी पाजून राहिली परक्या पिलाला. कोमल धावत आली, आजी, तो अडलेला शब्द हिला दे, मोठ्या मनाची.

न्हाई दिला. मिठाच्या चवीनं पाजती ती. मीठ लावल्यावर कुणीबी मोठ्या मनाचं होतं.

पिलाला अजून नाव न्हाई. स्वभाव कळायला चार महिने जातात.

६ एप्रिल, रविवार

शेवटची परीक्षा. दहातले दहा. शेवटचं वाक्य कोमलनं गोठ्याबाहेरचं केलं, मला कळलं न्हाई. वि. हळूच "गुड" म्हणली. काय वाक्य केलंस गं? "सांगीन कधी तरी."

परीक्षेत म्याडम एक खेळ खेळती. वाक्य म्हणती, मधीच थांबती. ती जागा पोरीनं भरायची. रिकामी जागा.

रिकामी जागा.

हातातलं सूप खाली ठेवलं मी. शपथ शब्द काढायची घेतली हाय. जागा सोडायची न्हाई.

१६ एप्रिल

उद्या लग्न. लाडू वळून झाले, करंज्या झाल्या. रुखवतात मधोमध काय ठेवायचं यावर बायांची बाचाबाची. मी माझी ती बशी ठेवली. जानेवारीतली. नुसती. लता म्हणली, माय हे काय. म्हणलं राहू दे, शोभा येती.

कोमलनं बशी पाहिली. माझ्याकडं पाहिलं. "शपथ?" म्हणली. शपथ, म्हणले.

१८ एप्रिल

काल लागलं लग्न. अंग मोडून आलंय, पण आज न लिहिलं तर शिळं होईल.

रुखवत मांडलं. वि. पाटावर बसली, जरीची साडी, चष्म्याची साखळी सोन्याची. बाया जमल्या, पुढं त्यांच्याकडच्या, मागं आमच्याकडच्या. आमच्यातल्या दोघींची लाडवाची नि करंजीची गाणी म्हणून झाली. मग सगळ्या म्हणल्या, काकू, तुमचं होऊ द्या. मी पुढं झाले. बशी उचलली. पदरानं पुसली, तिच्या डोळ्यासमोर, हळूहळू. आन् म्हणलं:

रुखवतात मांडली बशी, पुसली माझ्या पदरानं,
इंग्रजीच्या म्याडम आल्या मोठ्या आदरानं.
मी तिसरी शिकलेली, मला येईना पुढचं,
विहीणबाई, इंग्रजीत सांगा, नाव काय ह्या म्हातारीचं?

आन् बशी तिच्यापुढं धरून थांबले. टाळ्या पडल्या. मग बाया ओरडू लागल्या, सांगा म्याडम, सांगा म्याडम, एका शब्दात सांगा. त्यांना खेळ वाटला. कोमल बोहल्याच्या बाजूला उभी, तिचा रंग उडालेला.

वि.ला रागवता येईना, रीत हाय. उठता येईना. खोटं बोलावं तर मी ऐकून हाय, खरं बोलावं तर कोमल ऐकून हाय. बशी माझ्या हातात, हात एवढासाबी हालला न्हाई. तीन महिन्यांत एवढी गोड घटका मला मिळाली न्हवती. तिच्या कपाळावर घाम आला, तो मी नीट पाहून घेतला. तेवढं माझं झालं.

मग तिनं बशी माझ्या हातातून घेतली. माझ्याकडं पाहून एक शब्द बोलली. इंग्रजीत. एकच.

अनकूथ न्हवता.

पुस्तकातलाच न्हवता. पाचशेच्या पाचशे मी बोट ठेवून वाचलेत, आवाजावरून ओळखते. हा माझ्या कळपातला न्हवता.

त्यांच्याकडच्या दोघी-तिघी "वा म्याडम" म्हणल्या. आमच्याकडच्या बायांनीबी मग टाळ्या वाजवल्या. मी कोमलकडं पाहिलं. ती हसली का ओठ चावला, मुंडावळ्या आड आल्या.

बशी वि.नं सोताच्या पिशवीत घातली. रुखवत पोरीबरोबर जातं, तसा तिचा हक्कच हाय.

संध्याकाळी गाडी गेली. पुस्तकबी गेलं.

२१ एप्रिल

कोमलचा फोन. बरी हाय. एक तारखेपासून शिकवणीत उभी राहणार. पहिल्या दिवशी पोरींना काय शिकवणार तर म्हणली, "वाक्य. शेळीवरून."

"आजी, त्या दिवशीच्या शब्दाचा अर्थ सांगू का?"

म्हणलं, नको.

"अगं पण—"

नको म्हणले ना. तिनं दिलाय, तिची सून अर्थ सांगणार. त्यात माझं काय राहिलं.

दूध आटलं न्हाई बांडीचं. शपथ मोडली न्हाई मी.

५ मे

पिलू आता कडबा हुंगतं. पांढरे कान ताठ करून माझ्या मागं मागं येतं, कधी मागून ढुशी देतं. लाडानं देतं का खोडीनं, इतक्यात सांगता येत न्हाई.

वि.चा शब्द त्याला दिलाय. स्वभाव जुळतो का ते कळेपर्यंत वहीत लिहीत न्हाई, नेम हाय. सकाळी दावं सोडताना म्हणते, संध्याकाळी बांधताना म्हणते. तोंडाला बसलाय. गॅर्युलसनं मान वळवून पाहिलं पहिल्यांदा.

दत्ताला सांगून ठेवलं, हे इकायचं न्हाई.

दिवाळीला वि. कोमलला घेऊन येणार. तवर ते मोठं झालेलं असंल आन् शब्द काय जातीचा हाय ते मला कळलेलं असंल. चांगला निघाला तर चहा लता देईल. वाईट निघाला तर बशी मी देईन, पदरानं पुसून.